बोटीला आधी कोरडी जागा लागते

बोटीला पाणी लागतं ते सगळ्यात शेवटी. त्याआधी काही वर्षं तिला लागते कोरडी जागा, डोक्यावर पत्रा, पायाखाली सपाट फरशी आणि हाक मारली की येणारी माणसं. हे सगळं सोलापुरात आहे. त्यामुळे 'इथं कुठंय समुद्र?' असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, समुद्र रत्नागिरीला आहे, साडेतीनशे किलोमीटरच्या पुढं, आंबा घाट उतरून. बोट मात्र इथंच होणार.

जुळे सोलापुरात आमच्या घराच्या बाजूला मोकळी जागा आहे. तिथं पत्र्याच्या शेडखाली 19 फुटांची शिडाची बोट उभी राहते आहे. प्लायवूडची, इपॉक्सी या गोंदानं जोडलेली, आत दोन माणसं झोपू शकतील आणि बसल्या बसल्या चहा-खिचडी करता येईल एवढीच केबिन. ही बोट तलावात फेरफटका मारायला नाही. अरबी समुद्रात उतरून आधी लक्षद्वीप गाठायचं आणि तिथून ती जशी वागेल तसं पुढचं ठरवायचं, या हिशेबानं तिचा प्रत्येक सांधा बांधला जातोय. नोकरीच्या निमित्तानं मुंबईत होते तेव्हा मी शिडाची बोट चालवायला शिकले, पुढं इतरांच्या बोटींवर मदतनीस म्हणून समुद्रात गेले, रात्रीच्या पाळ्या केल्या. स्वतःची बोट हवी हे तेव्हाच मनात बसलं. ती स्वतःच्या हातानं बांधायची, हे सोलापूरला परतल्यावर ठरलं.

लाकडाची बोट बांधणाऱ्याचा पहिला शत्रू ओल. लाकडात ओल असताना वरून इपॉक्सीचा थर दिला तर ती आतच कोंडते आणि पुढं कुजवते. लाकडातली ओल 12 टक्क्यांच्या खाली असावी लागते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथं पावसाळाभर लाकूड ओलच धरून बसतं. आमच्याकडे पडला तर पाचशे-साडेपाचशे. या कोरडेपणाचं कौतुक करताना माझी जीभ अडखळते, कारण माझं माहेर मंगळवेढ्याकडचं आणि आकाशाकडे बघत बसलेली माणसं मी घरातच पाहिली आहेत. पण जे खरं आहे ते खरं आहे. शेडमधलं लाकूड वर्षातले आठ-नऊ महिने खडखडीत असतं आणि माझ्या कामाला तेच हवं असतं.

उन्हाचं मात्र तसं नाही. इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर. दोन्ही एकत्र आली की उष्णता सुटते, उष्णतेनं ती अजून लवकर घट्ट होऊ लागतात, त्यातून अजून उष्णता. पारा 42 वर असताना पेलाभर इपॉक्सी एकदम कालवलं तर काही मिनिटांत पेला हातात धरवत नाही, धूर निघतो आणि माल वाया जातो. म्हणून थोडं थोडं कालवायचं, लगेच पसरट ताटात ओतायचं म्हणजे उष्णता निघून जाते. प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच. लवकर वाळावं म्हणून हार्डनर चार थेंब जास्त घालू, हे इथं चालत नाही. जास्तीच्या हार्डनरला जोडी मिळत नाही आणि तो सांधा कायमचा मऊ राहतो. मी सराफाकडे असतो तसला छोटा वजनकाटा वापरते आणि प्रत्येक वेळचं वजन वहीत लिहिते.

कोऱ्या लाकडाला पहिला हात द्यायचा तो ढळत्या उन्हाला. लाकडाच्या रंध्रांत हवा असते. सकाळी ऊन चढतं तशी ती फुगते आणि ओल्या थरातून बुडबुडे काढत बाहेर पडते. प्रत्येक बुडबुड्याच्या जागी पुढं पाणी शिरायला एक बारीक भोक. संध्याकाळी उलटं होतं. हवा थंड होत आकसते आणि इपॉक्सीला आत ओढून घेते. एप्रिलमध्ये साडेसहाला शेडमध्ये उभं राहून पाहिलं की दिसतं, ब्रश फिरवल्यावर चकाकणारा पृष्ठभाग हळूहळू निस्तेज होत जातो. लाकूड पीत असतं. मग दुसरा हात, मग तिसरा. पावसाळ्यात हवेत दमटपणा आला की वाळलेल्या थरावर तेलकट साय येते. ती साध्या पाण्यानं धुऊन, घासून काढल्याशिवाय वरचा थर धरत नाही. या धुण्यात कौशल्य असं काही नाही, कंटाळा न करणं एवढंच आहे आणि बोटीचं आयुष्य बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

प्लायवूडची गोष्ट आणखी वेगळी. मरीन प्लायला आपल्याकडे आयएस 710 हे मानक आहे. तो प्लाय 72 तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी त्याचे थर सुटता कामा नयेत. बाजारात शिक्का मारलेला प्रत्येक ताव तसा निघेलच असं नाही, म्हणून मी प्रत्येक तावाचा एक तुकडा कापून घरी उकळते. मागच्या अंगणात चूल आहे, जुनं पातेलं आहे. सासूबाई लक्ष ठेवतात, पाणी आटलं की तांब्याभर घालतात. उकळून, वाळवून, पुन्हा उकळून तो तुकडा पटाशीनं फोडायचा. थर जोडावरून सोलून निघाला तर ताव परत. लाकूड फाटलं पण जोड सुटला नाही, तर ठेवायचा. मग कापलेल्या कडा उजेडात धरून मधल्या थरांत पोकळी आहे का बघायची. मधल्या थरातली बोटभर पोकळी बाहेरून कधीच दिसत नाही. समुद्राला मात्र ती सापडते.

एवढ्याशा बोटीतून समुद्र? हा दुसरा प्रश्न, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त गंभीर आहे. त्याचं उत्तर मी आधी इतिहासात शोधलं. जॉन गझवेल यानं कॅनडातल्या व्हिक्टोरियामध्ये मासे-बटाटे तळून विकणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत 'ट्रेका' नावाची साडेवीस फुटी बोट बांधली आणि 1955 ते 1959 या काळात तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. रॉबर्ट मॅनरी हा अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका दैनिकात मजकूर तपासण्याचं काम करायचा. समुद्रापासून दूर, एरी सरोवराच्या काठचं शहर. त्यानं साडेतेरा फुटांची जुनी लाकडी होडी घरी दुरुस्त केली, तिच्यावर केबिन चढवली आणि 1965 मध्ये 78 दिवसांत अटलांटिक ओलांडून इंग्लंड गाठलं. लाटांनी त्याला अनेकदा बाहेर फेकलं. कमरेला बांधलेल्या दोरामुळे तो दर वेळी परत चढला. स्वीडनच्या स्वेन इरविंड यांनी 1980 मध्ये सहा मीटरहून लहान, स्वतः बांधलेल्या बोटीतून केप हॉर्नला वळसा घातला. आणि अगदी अलीकडे, 2025 च्या फेब्रुवारीत, 5.80 मीटरच्या, घरी प्लायवूडमध्ये बांधता येणाऱ्या एकाच आराखड्याच्या बोटींची जगप्रदक्षिणेची शर्यत अँटिग्वाहून सुटली. म्हणजे हे वेड म्हणून सोडून देण्यासारखं नाही. यामागं साठ-सत्तर वर्षांचा अनुभव साचलेला आहे.

लहान बोटीच्या बाजूनं एक साधं गणित आहे. लांबी दुप्पट केली की वजन आठपट होतं. शीड, दोर, नांगर, डोलकाठी, सगळ्यांवरचा ताणही कैक पटींनी वाढत जातो. 19 फुटी बोटीचं शीड सुसाट वाऱ्यात मी एकटी हातानं खाली ओढू शकते. 40 फुटीचं नाही. जे मोडेल ते लहान असेल, आणि लहान असेल तर समुद्रात बसून दुरुस्त करता येईल.

विरुद्ध बाजूही तितकीच खरी आहे. 1979 च्या शिडाच्या बोटींच्या फास्टनेट शर्यतीत वादळात 15 खलाशी गेले. त्यानंतर लाटा आणि बोटी यांचा नीट अभ्यास झाला आणि त्यातून एक गोष्ट पक्की झाली. बोटीच्या लांबीच्या साधारण साठ टक्के उंचीची फुटती लाट आडवी येऊन आदळली, तर बोट कुठलीही असो, ती उलटी होऊ शकते. माझ्या बोटीच्या बाबतीत ही उंची होते साडेअकरा फूट. खुल्या समुद्रात साडेअकरा फुटांची लाट ही दुर्मीळ गोष्ट नाही. तेव्हा ही बोट कधीतरी उलटेल असं धरूनच ती बांधायला हवी. उलटल्यावर ती स्वतःहून सरळ झाली पाहिजे, आणि उलटी असताना आत पाणी शिरता कामा नये. आराखड्यातल्या बाकी सगळ्या गोष्टी या दोन अटींच्या नंतर येतात.

घरात हा विषय उघडपणे निघाला तो उजनीच्या दुर्घटनेनंतर. 2024 च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली आणि सहा माणसं गेली. आपल्या जिल्ह्यातलं पाणी, रोजच्या येण्याजाण्याची वाट. सासूबाई काही दिवस शेडकडे फिरकल्या नाहीत. मग एका दुपारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझी उलटली तर?"

मी शब्दांत उत्तर दिलं नाही. माझ्याकडे बोटीची दोन फुटी प्रतिकृती होती, मापात केलेली, खाली शिशाचा तुकडा लावलेली. आम्ही ती अंगणातल्या पाण्याच्या टाकीत सोडली. मी म्हटलं, "तुम्हीच पालथी करा." त्यांनी बांगड्या मागं सारल्या, डोलकाठी धरून बोट पूर्ण पालथी केली आणि हात सोडला. क्षणभर ती तशीच राहिली, मग एका अंगावर कलली आणि खाडकन उभी राहिली. त्यांनी पुन्हा केली. मग खालचं शिसं काढायला लावलं आणि तशीच पालथी केली. आता ती उलटीच राहिली, पोट वर करून, निवांत. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "म्हणजे सगळं त्या खालच्या वजनावर आहे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "वजनावर आणि झाकणांवर. झाकण उघडं राहिलं तर वजन काही करू शकत नाही." त्यानंतर शेडमध्ये आल्या की त्या आधी केबिनच्या झाकणाची रबरी पट्टी बोटानं दाबून बघतात.

भीती घालवायची नसते असं मला वाटतं. ती नेमकी कशाची आहे हे शोधलं की ती कामाला लागते. फार लोक समुद्राच्या गोष्टीत धाडस शोधतात. मला ज्यांचा आदर वाटतो ते सगळे खलाशी झाकणांच्या पट्ट्या तपासणारे आहेत.

शिडांचं काम सुरू झालं तेव्हा शेजारच्या अण्णांना बोलावलं. अण्णांचं आयुष्य मागावर गेलं. आधी हातमाग, मग यंत्रमाग, आधी चादरी, मग टॉवेल. 1877 साली सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली तेव्हापासून हे शहर धाग्यावर जगत आलंय आणि अण्णांच्या घराच्या तीन पिढ्या त्यात आहेत. मी परदेशातून मागवलेल्या शिडाच्या कापडाचा हातभर तुकडा त्यांच्या हातात दिला. पॉलिएस्टरचं, पांढरं, कागदासारखं कडक. त्यांनी आधी ते चुरगाळून कानाशी धरलं. मग चष्मा कपाळावर ढकलून कापड डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, नखानं काठाचे दोन-चार धागे उसवले, उभे म्हणजे ताण्याचे आणि आडवे म्हणजे बाण्याचे वेगळे करून तळहातावर ठेवले.

"ताई, इथं बाणा ताण्यापेक्षा जाड घातलाय. आणि बाणा सरळ चाललाय, वळणं सगळी ताण्यानं घेतलीत. असं कशाला केलंय वो?"

हा प्रश्न ऐकून मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. कारण शिडाचं सगळं मर्म तिथं आहे. तिकोनी शिडाच्या तीन कडांपैकी एक डोलकाठीला बांधलेली असते, एक खालच्या आडव्या काठीला. तिसरी, मागची, मोकळी असते आणि वाऱ्याचा सगळ्यात जास्त ताण तिच्यावरच येतो. कापडाचे पट्टे असे मांडतात की बाण्याचे धागे त्या मोकळ्या कडेच्या दिशेनं धावावेत. म्हणून बाणा जाड आणि सरळ. वळणं घेणारा धागा ताण आला की आधी सरळ होतो, म्हणजे कापड लांबतं, शिडाचा आकार बिघडतो आणि वाऱ्यावर तोंड करून चढणं बोटीला जमेनासं होतं.

अण्णांनी तुकडा दोन्ही हातांत धरून आधी उभा ओढला, मग आडवा, मग तिरका. तिरका ओढल्यावर तो किंचित लांबला. "इथं मार खाणार," ते म्हणाले. बरोबर तिथंच शिडं मार खातात. तिरक्या ताणानं, वर्षानुवर्षं फडफडून आणि उन्हानं. त्या दिवसापासून शिडांचे पट्टे अण्णांच्या देखरेखीखाली कापले जातात. शिवण आडव्यातिडव्या टाक्याची, धागा उन्हाला टिकणारा पॉलिएस्टरचा. कोपऱ्यांना कापडाचे थरावर थर. तिथं घरचं मशीन हात टेकतं, तेव्हा अण्णा दाभण घेऊन बसतात. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. कापडावर ताण कुठून येतो आणि कुठं जातो, हे मात्र मी भेटलेल्या कित्येक बोटवाल्यांपेक्षा त्यांना जास्त कळतं.

मिस्त्रींबद्दलही थोडं सांगायला हवं. त्यांनी आयुष्यभर दारं-खिडक्या केल्या. पहिले काही दिवस ते तिरक्या गुण्याकडे, म्हणजे तिरके कोन मापायच्या हत्याराकडे, संशयानं बघायचे. मग एकदा बाजूच्या फळीवरून डोळे मिटून तळहात फिरवला आणि म्हणाले, "इथं पोट आहे." पट्टी लावून पाहिलं तर खरंच दोन मिलिमीटरचा फुगवटा होता. आता फळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत इपॉक्सी आणि लाकडाच्या भुशाची लुकणं भरायचं काम त्यांचंच. ते लुकण चक्क्याइतकं घट्ट व्हावं लागतं. सैल झालं तर उभ्या सांध्यावरून ओघळतं, फार घट्ट झालं तर लाकडाला भिडत नाही आणि मागं हवा राहते. भरून झाल्यावर चमच्याच्या पाठीनं एका दमात ओढायचं. ते वाळलं की त्यावर काचेच्या कापडाची पट्टी. सोफा आणि कपाटं लागली की यातलं काहीही दिसणार नाही. मिस्त्री ते अशा सफाईनं ओढतात की जणू देवघराचं काम आहे.

मी हे सगळं घरी का करते, तयार बोट का घेत नाही, याचं कारण 'सुहेली' या बोटीच्या कथेत आहे. ही 32 फुटी सागवानी बोट मुंबईत, मुंबईच्या सुतारांनी बांधली. तासणी आणि भोकं पाडायला दोरीच्या कमानीनं फिरवायचा सामता ही त्यांची हत्यारं. 1964 मध्ये ती पाण्यात उतरली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा व्यापारी जहाजावर अधिकारी होता आणि मुंबईला येऊन-जाऊन असायचा. बोट त्याच्या डोळ्यांसमोर झाली. पुढं 1968 मध्ये एकट्यानं कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत लागली, तेव्हा नऊ जण निघाले आणि एकटा तोच परत पोचला, 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 ला. सगळ्यात वेगवान बोट त्याची नव्हती. अटलांटिकमध्येच बोट गळू लागली, तेव्हा तो पाण्यात उतरला, नेमका कुठला सांधा उघडतोय ते शोधलं आणि पाण्याखाली राहून त्यावर कापड आणि तांब्याची पट्टी ठोकली. ऑस्ट्रेलियाच्या जवळपास आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं, रेडिओ तर त्याआधीच बंद पडला होता. तो पुढं जात राहिला. बोट बांधताना जवळ असलेल्या माणसाला ती आतून माहीत असते. समुद्राच्या मधोमध मेकॅनिक येत नाही, तेव्हा हेच उपयोगी पडतं.

आपल्या माणसांनी तो धागा पुढं नेला याचा मला अभिमान आहे. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्याच बोटीतून अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये कुठंही न थांबता फिरून आले. टॉमींनी 2018 च्या 'गोल्डन ग्लोब' या एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत सुहेलीच्याच धर्तीवर गोव्यात बांधलेली 'थुरिया' नेली. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली, तीन दिवस ते बंकवरून हलू शकले नाहीत. आणि 2022-23 मध्ये तोच माणूस तीच शर्यत पुन्हा करून दुसरा आला. रात्री अंग दुखत असताना घासकागद हातात घ्यायचा जीवावर येतो तेव्हा मला हे आठवतं.

बोट उलटी ठेवून बांधतात. बाहेरची बाजू पूर्ण झाली की ती सरळ करावी लागते. या कामाची मला फार चिंता होती, कारण वजन पेलण्यापेक्षा ते वळवणं अवघड. एका अंगानं जोर जास्त लागला तर बोट पिळली जाते. आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाच्या पोरांना बोलावलं. त्यांतला एकजण सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलतो. त्यानं बोटीभोवती एक चक्कर मारली, सगळ्यांना चपला काढायला लावल्या, उंचीप्रमाणे जागा बदलल्या आणि म्हणाला, "कुणीबी जोर लावायचा न्हाई. मी म्हणेन तवाच. नजर फक्त माझ्याकडं." एका बाजूला जुने टायर, त्यावर गोधड्या. त्याचा आवाज एकदाही चढला नाही. बोट कडेवर उभी राहिली तेव्हा त्यानं सगळ्यांना तिथंच थांबवलं, श्वास घ्यायला लावला, पलीकडची माणसं मोजली आणि मग हळूच खाली. एक ओरखडा नाही. यात्रेत मैलोन् मैल तोल सांभाळणाऱ्या माणसाला तोल शिकवायची माझी काय गरज! बायकांनी आतून डोकावून पाहिलं, कुणीतरी नारळ आणला, चहा झाला आणि पोरं पहिल्यांदाच आत चढून बसली. 'काकू, इथं झोपायचं? इथं संडास कुठंय?' सगळे प्रश्न रास्त होते आणि सगळ्यांची उत्तरं मी दिली.

पाण्याचा हिशेब मात्र सोलापूरकराला कुणी शिकवू नये. रत्नागिरीहून लक्षद्वीपचं अगत्ती साधारण पावणेचारशे सागरी मैल. ही बोट ताशी चार मैलांनी चालली तर दिवसाला शंभराच्या आत-बाहेर, म्हणजे चार दिवस. माणशी रोज तीन लिटर धरले तर लेक आणि मी, दोघींना चोवीस. पण वारा पडला, डोलकाठी मोडली, रस्ता वाढला तर? म्हणून ऐंशी लिटर घ्यायचं. आणि ते एका टाकीत नाही, पाच-पाच लिटरच्या वेगळ्या कॅनमध्ये. एक फुटला, एकात खारं पाणी शिरलं तरी बाकीचे राहतात. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्या घरात पिण्याचं पाणी एका भांड्यात कुणी ठेवत नाही. सासूबाईंनी तर कॅनवर तारखा टाकायच्या आणि जुनं आधी वापरायचं हेही ठरवून टाकलंय.

ऋतूचं बंधन कडक आहे. जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी अरबी समुद्र खवळतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते. दिवाळीनंतर हवा बदलते, वारे उत्तरेकडून, वायव्येकडून वाहू लागतात आणि दक्षिणेला जाणाऱ्या बोटीला मागून मदत करतात. परतीला तेच वारे तोंडावर. म्हणजे जाणं सोपं, येणं अवघड. बोटीची खरी परीक्षा परतीच्या वाटेवर आहे आणि अण्णा ज्या जाड बाण्यावर बोट ठेवत होते तो तिथं कामाला येणार. लक्षद्वीपला प्रवेशाचा परवाना काढावा लागतो. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगता येत नाही. किनाऱ्याजवळ मोबाईलवरून तटरक्षक दलाचा 1554, त्यापुढं व्हीएचएफ रेडिओचा चॅनल 16, आणि जिथं तोही पोचत नाही तिथं उपग्रहाला इशारा देणारं ईपर्ब. ही तिन्ही साधनं बोटीत ठरलेल्या जागी, अंधारात हात घातला तरी सापडतील अशी बसवली आहेत.

आता राहिलाय कील, म्हणजे बोटीच्या तळाखालचं ते वजन. तीनशे किलो शिसं. शिसं इतकं जड की तीनशे किलोचा आकार जेमतेम साडेसव्वीस लिटरचा. भंगारातून गोळा केलंय, वितळवून स्वच्छ केलेल्या विटा शेडच्या कोपऱ्यात रचून ठेवल्या आहेत. बोल्ट 316 जातीच्या स्टीलचे हवेत. सहज मिळणारं 304 समुद्राच्या पाण्यात, विशेषतः हवा न पोचणाऱ्या भोकात, आतून पोखरलं जातं. ते पुण्याहून आले. शिसं 327 अंशांना वितळतं, आणि साच्यात थेंबभर ओल राहिली तर तिची वाफ होऊन वितळलेलं शिसं वर उसळतं. त्यामुळे साचा गेले कित्येक दिवस उन्हात तापतोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओतकाम करणारे एक कारागीर भट्टी घेऊन येणार आहेत. मुखवटे, चामड्याचे हातमोजे, जाड बूट आणलेत, वाऱ्याची दिशा बघून भट्टीची जागा ठरवली आहे. ओतायच्या वेळी साच्याजवळ कारागीर, मिस्त्री आणि मी एवढेच असू. बाकी सगळ्यांनी रस्त्यापलीकडून बघायचं, असं मंडळाच्या पोरांना आत्ताच बजावून ठेवलंय.